तारेचा ब्रश परत ठेव

काल रात्री तुझा फोन ठेवला आणि बराच वेळ डोळ्याला डोळा लागला नाही, बाय. तू किती सहज म्हणालीस, ‘ताई, पडवीच्या पत्र्यावर शेवाळ माजलंय, आगोटीच्या आधी घासून रंगवून टाकते. दुकानातून प्रायमरचा एक डबा आणि तारेचे दोन ब्रश पाठव ना. नाहीतर ह्यांच्या मित्राकडे गाड्या धुवायचं मशीन आहे, ते मारलं की तासाभरात पत्रा लखलखीत.’ मी ‘बघते’ एवढंच म्हटलं. घरात पाहुणे होते आणि हे दोन वाक्यांत सांगण्यासारखं नव्हतं. आता दुपारची गिऱ्हाइकं ओसरली आहेत, म्हणून गल्ल्यावर बसून निवांत लिहिते. नीट वाच आणि तुझ्या ह्यांनाही वाचून दाखव.

डबा पाठवीन. ब्रश पाठवणार नाही. आणि ते मशीन तर पत्र्याच्या आसपासही फिरकू देऊ नकोस.

का, ते सांगते. पण आधी माझीच एक चूक तुझ्यापुढे ठेवते, कारण ती लपवून तुला सल्ला देणं मला जमणार नाही. लग्न होऊन या रंगाच्या दुकानात आले त्याला आता बावीस वर्षं झाली. त्यातली पहिली आठ-नऊ वर्षं सिमेंटच्या पत्र्यासाठी प्रायमर मागायला जो येई, त्याला मी स्वतःच्या हाताने तारेचा ब्रश काढून देत होते. ‘आधी चांगलं खरवडून घ्या, मग रंग धरेल,’ हेही मीच सांगायची. भिंतीला जे लागू, तेच पत्र्याला, अशी माझी समजूत.

मग एकदा मे महिन्यात एक वयस्क गृहस्थ आले. मुंबईत ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यात उमेदीची सगळी वर्षं काढून गावी परतलेले. दुकानाच्या तीन पायऱ्या चढले आणि काउंटरला दोन्ही हात टेकून नुसते उभे राहिले. बोलायला दम पुरेना. माझ्यासमोर दुसरं गिऱ्हाईक होतं, त्याच्या पिशवीत मी प्रायमरबरोबर ब्रश घालत होते. त्या गृहस्थांनी तो ब्रश माझ्या हातातून काढून घेतला, फळीवर परत ठेवला आणि म्हणाले, ‘पोरी, हा देऊ नकोस. पत्र्याची धूळ उडते याने. माझ्या छातीत तीच बसलीय.’

डॉक्टरांनी त्यांना ॲस्बेस्टॉसिस सांगितला होता. त्यात फुप्फुस राठ होत जातं, श्वास पुरेनासा होतो आणि झालेलं नुकसान भरून निघत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली अशा कामगारांच्या बाजूने मोठा निकाल दिला. कामगाराचं आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं ठरवलं, आणि कामाला लागल्यापासून ४० वर्षं त्याच्या तपासणीच्या नोंदी जपून ठेवा असा आदेश दिला. चाळीस वर्षं का, तर हा रोग तेवढा दबून राहतो. आज धूळ छातीत गेली तर उद्या खोकला येत नाही. वीस, तीस, कधी चाळीस वर्षांनी तो डोकं वर काढतो, आणि तोवर कुठल्या दुपारी कुठला पत्रा घासला होता हे कुणाच्या लक्षातही नसतं. म्हणूनच आपल्याकडे सगळे म्हणतात, ‘आम्ही इतकी वर्षं घासतोय, कुठे काय झालं?’

त्या दिवसानंतर पत्र्यासाठी म्हणून तारेचा ब्रश मी एकालाही विकलेला नाही. आधी विकले ते परत आणता येत नाहीत, हे मात्र मनात राहिलंय.

आता तुझ्या पत्र्याकडे वळू. आपण त्याला सिमेंटचा पत्रा म्हणतो, त्यामुळे तो नुसता सिमेंटचा वाटतो. पण नुसत्या सिमेंटचा सहा मिलिमीटर जाडीचा पन्हळी पत्रा उचलतानाच मोडेल. त्याला धरून ठेवायला आत ॲस्बेस्टॉसचे तंतू घातलेले असतात, साधारण दहावा हिस्सा. ऑस्ट्रियाच्या लुडविग हाचेक नावाच्या माणसाने ही युक्ती काढली आणि १९०१ साली तिचं पेटंट घेतलं. स्वस्त, न गंजणारा, न जळणारा पत्रा, म्हणून तो जगभर गेला आणि कोकणातल्या खाऱ्या हवेत तर लोखंडी पत्र्याला भारी पडला. तुमच्या पडवीवरचा सासऱ्यांनी घातलेला आहे, म्हणजे पंचवीस-तीस वर्षांचा. तेव्हाचा राखाडी पन्हळी सिमेंट पत्रा म्हणजे ॲस्बेस्टॉसचाच असं धरून चाल. डोळ्यांनी पाहून फरक कळत नाही.

खाणीतून ॲस्बेस्टॉस काढणं आपल्याकडे थांबलं, पण बाहेरून तो अजून येतो, जास्त करून रशियातून, आणि पत्रे बनतात. युरोपीय संघ, ऑस्ट्रेलिया, जपान, ब्राझील सगळीकडे बंदी आली, शेजारच्या नेपाळनेही २०१५ मध्ये घातली. आपल्याकडे विकायला बंदी नाही. म्हणून दुकानात मिळतो त्याअर्थी चांगलाच असणार, असं समजू नकोस. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने सगळ्या प्रकारचा ॲस्बेस्टॉस माणसाला कर्करोग करणारा म्हणून नोंदवला आहे. फुप्फुसाचा, स्वरयंत्राचा, बायकांच्या बीजाशयाचा, आणि छातीच्या अस्तराचा एक खास कॅन्सर, जो बहुतेक वेळा ॲस्बेस्टॉसमुळेच होतो.

हे वाचून घाबरलीस ना? घाबरू नकोस, पुढे ऐक. धड पत्रा डोक्यावर आहे म्हणून आजार होत नाही. तंतू सिमेंटात घट्ट बसलेले असतील तोवर ते कुठेही जात नाहीत. पडवीत बसून जेवलात, झोपाळ्यावर झोपलात, एवढ्याने काही होत नाही. तंतू सुटून हवेत आला आणि श्वासाबरोबर आत गेला, तरच धोका. म्हणजे सारा प्रश्न धुळीचा आहे.

आणि जुना पत्रा धूळ सोडायच्या बेतातच असतो. दरवर्षी पाऊस वरचं सिमेंट थोडं थोडं धुऊन नेतो, ऊन तडतडवतं, शेवाळ मुळं रोवतं. त्याच्याबरोबर ते राखाडी-हिरवे पोपडे असतात बघ, आपण मसाल्यात घालतो त्या दगडफुलाची भावंडं, तीही पत्रा पोखरतात. सिमेंट झिजलं की तंतू उघडे पडतात. तुझ्या पत्र्याची कड नुसती डोळ्यांनी पाहा, बोट लावू नकोस. घोंगडीच्या दशा निघाव्यात तशी बारीक पांढरट लव दिसते का? पागोळ्या पडतात तिथे मातीत एक राखाडी रेघ साचलेली असेल, पन्हळीत तर मऊ गाळच. तो सारा पत्र्याचाच भुगा आहे. ओला आहे तोवर गप्प बसतो, एप्रिल-मेमध्ये वाळला की वाऱ्यावर जातो.

इथे एक गोष्ट तुला रागावून सांगते. मागच्या खेपेला आले तेव्हा तुझी आमसुलं सुपात घालून पडवीच्या पत्र्यावर वाळत ठेवलेली पाहिली. कोंबड्या चोच मारतात म्हणून वर ठेवतेस, कळतं मला. सूप खाली घेताना तू ते पत्र्यावरून खरवडत ओढलंस आणि त्याचा तळ पिठासारखा पांढरट झाला होता, तो पदराने पुसलास. मी पाहत होते आणि बोलले नाही, कारण तुझ्या सासूबाई शेजारी होत्या. तो पदर घेऊन तू नंतर धाकट्याचं तोंड पुसलंस. आजपासून पत्र्यावर काहीही वाळत घालायचं नाही. खळ्यात खाट टाक, वर जाळी घाल.

तर तुझा विचार मुळात बरोबरच आहे. असा पत्रा उघडा ठेवण्यापेक्षा प्रायमर देऊन बंद करावा हे शहाणपणाचंच. चूक आहे ती प्रायमरच्या आधीच्या घासाघाशीत. कोरड्या पत्र्यावर तारेचा ब्रश फिरवणं म्हणजे जे तंतू अजून धरून आहेत त्यांनाही उपटून हवेत सोडणं. आणि गाड्या धुवायचं मशीन त्याहून वाईट. पाणी आहे म्हणून धूळ बसेल असं वाटतं, पण त्या जोराने सिमेंटचा वरचा थरच सोलून निघतो आणि तंतूंचा चिखल भिंतीवर, खिडकीत, विहिरीच्या कठड्यावर, शेजारच्या परसात उडतो. दुसऱ्या दिवशी तो वाळतो. ऑस्ट्रेलियात घरोघर ॲस्बेस्टॉस होता, तिथे त्यावर जोराच्या पाण्याचा फवारा मारायला कायद्यानेच मनाई आहे.

आई आठव. सडा घातल्याशिवाय तिने कधी अंगणाला केरसुणी लावली का? धूळ आधी बसवायची, मग हलवायची. आणि खळं सारवलं की महिनाभर माती उडत नाही, कारण शेण तिला धरून ठेवतं. पत्र्याचं अख्खं काम या दोन गोष्टींत आहे. सडा आणि सारवण.

पण या आगोटीला नको. आज मे महिन्याची वीस तारीख, मृग तोंडावर आलंय. घाईघाईने धुतलेला ओलसर पत्रा, त्यावर अर्धवट सुकलेला प्रायमर आणि वर पहिला वळवाचा पाऊस, की सगळा रंग फुगून पापुद्रे निघतात. सुटलेला पापुद्रा एकटा येत नाही, पत्र्याचे तंतू घेऊन येतो. म्हणजे पैसे गेले आणि काम होतं त्याहून बिघडलं. पावसाळाभर पत्रा ओला असतो, त्याची धूळ उडत नाही, त्याला तसाच राहू दे. गळत असेल तिथे आतून बादली ठेव आणि खुणेची चुन्याची रेघ भिंतीवर ओढ. काम काढायचं ते दसऱ्यानंतर. पाऊस संपता संपता पत्रा भिजलेला आणि शेवाळ मऊ असतं, तेव्हा साफसफाई. मग दिवाळी झाली की कोरड्या हवेत रंग.

साफसफाईच्या आदल्या दिवशी दारंखिडक्या बंद, विहिरीवर आणि पाण्याच्या पिंपावर ताडपत्री, दोरीवरचे कपडे आत, गुरं लांब बांधलेली, मुलं मामाकडे. पागोळीच्या रेघेखाली जाड प्लॅस्टिक अंथरायचं. पन्हळीचं तोंड चिंधीने बांधायचं, म्हणजे गाळ अडतो आणि पाणी सुटं होऊन विहिरीकडे जात नाही. मग शेवाळ मारायचं औषध फवारायचं. ते मी देईन, कसं पातळ करायचं तेही डब्यावर लिहून देईन. आंब्याला फवारायचा पाठीवरचा पंप चालेल, पण नवा किंवा स्वच्छ धुतलेला हवा, आणि नोझल बारीक धुक्याचं. औषध मारून काही दिवस थांबायचं. शेवाळ मेलं की आपोआप सैल होतं. मग पुन्हा त्याच पंपाने पाणी, त्यात भांड्यांच्या साबणाचे चार थेंब. साबणाने पाणी आत मुरतं, नुसतं वरून घरंगळत नाही. पत्रा चिंब झाला की मेलेलं शेवाळ लाकडी पट्टीने हलकेच उचलायचं. खरवडायचं नाही. जे येत नाही ते राहू दे, प्रायमर त्यालाही धरतो. निघालेलं सगळं आणि पन्हळीतला गाळही ओलाच जाड पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, तोंड बांधून. झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचं आणि फडकंही त्याच पिशवीत.

आता माणसाबद्दल. हे काम करायला तुम्ही रंगाऱ्याला बोलवाल, आणि खरा धोका त्याला आहे, बाय. तुम्ही दोन दिवस लांब राहाल, तो पत्र्याला नाक लावून काम करील, आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्याच्या पत्र्यावर. त्याने तोंडाला बांधलेला रुमाल या धुळीपुढे काहीच नाही. कोविडातले निळे मास्कही नाहीत, आणि एन-९५ सुद्धा ॲस्बेस्टॉससाठी पुरेसा मानत नाहीत. एफएफपी-३ लिहिलेला मास्क लागतो, किंवा पी-१०० फिल्टरचा रबरी. मजुरीत धरू नका, वेगळा विकत घेऊन द्या. दाढी वाढलेली असेल तर त्या दिवशी करायला सांगा, कारण मास्क गालाला चिकटून बसला नाही तर कडेने सगळं आत जातं. अंगावर टाकून द्यायचा डगला घालायचा. तो काम संपल्यावर ओला करून, उलटा गुंडाळून पिशवीत टाकायचा. आणि त्याला तिथेच न्हाणीवर अंघोळीला पाणी द्या, मग घरी जाऊ दे.

अंघोळीचं एवढं का म्हणते? १९६५ साली लंडनमध्ये दोन संशोधकांनी छातीच्या अस्तराच्या कॅन्सरच्या रुग्णांचा अभ्यास केला. त्यांतल्या काहींनी कारखान्याचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. त्यांत बायकाही होत्या. त्यांतल्या काहीजणींनी एवढंच केलं होतं की नवऱ्याचे धुळीचे कपडे घरी झटकले आणि धुतले. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा दुकानातल्या रंगाऱ्यांच्या बायका एकेक करून डोळ्यांसमोर आल्या. संध्याकाळी दगडावर ते कपडे आपटणाऱ्या. म्हणून ते कपडे घरात जाताच कामा नयेत. तुझ्याही नाही आणि रंगाऱ्याच्याही नाही.

दुसरी गोष्ट, पत्र्यावर पाय द्यायचा नाही. कुणीच नाही, दहा वर्षांच्या पोरानेही नाही. जुना पत्रा वरून दगडासारखा दिसतो आणि पायाखाली पापडासारखा जातो. आमच्याकडून डबा घेऊन गेलेला एक तरणा पोरगा असाच गोठ्यावरून खाली आला. जगला, पण आज काठीवर चालतो. पडवी ठेंगणी आहे, शिडीवरून आणि लांब दांड्याने होईल. वर जावंच लागलं तर रिपांवर टेकतील अशा लांब, रुंद फळ्या टाकून, दोरी बांधून.

आता प्रायमर. दुकानात सगळे ‘पत्र्याचा प्रायमर द्या’ म्हणतात आणि भिंतीचा स्वस्त प्रायमर किंवा तेलाचा ऑइलपेंट उचलतात. सिमेंटात क्षार असतो, तो तेलाचा साबण करतो, वर्षभरात पोपडे. तुला पाहिजे तो पाण्याचा, ॲक्रिलिक, क्षार सोसणारा आणि पातळ, आत मुरणारा. जुना पत्रा फार तहानलेला असतो. जाड रंग वरच्यावर बसतो आणि खालची भुकटी भुकटीच राहते. पातळ प्रायमर त्या भुकटीत उतरून सुटे तंतू एकमेकांना आणि पत्र्याला चिकटवतो. सारवण म्हटलं ते हेच. पहिला हात ब्रशने किंवा रोलरने द्यायचा नाही, त्यांची ओढ तंतू उपटते. तो फवाऱ्याने, अगदी कमी जोरावर. सकाळी दव सुकल्यावर सुरू करून ऊन चढायच्या आत थांबायचं. तापल्या पत्र्यावर प्रायमर मुरायच्या आधीच सुकतो. दुसऱ्या दिवशी तो बांधून बसला की वरचे दोन हात रोलरने द्यायला हरकत नाही.

ते वरचे हात लवचीक ॲक्रिलिकचे घे, छपरासाठी म्हणून येतात ते. पत्रा उन्हात फुगतो, रात्री आकसतो, कडक रंगाला त्यात तडे जातात. आणि दोन हात दोन वेगळ्या रंगांचे दे, खालचा विटकरी, वरचा पांढरा. ही युक्ती इटलीची. तिथल्या कासाले मॉन्फेर्रातो गावात ॲस्बेस्टॉस सिमेंटचा मोठा कारखाना होता. कामगार मेलेच, पण कधी कारखान्यात न गेलेले गावकरीही त्याच कॅन्सरने मेले. १९९२ साली इटलीत बंदी आली, तरी घराघरांवरचे पत्रे जागेवरच होते, म्हणून ते बंद कसे करायचे याचे नियम झाले. शेवटचे दोन थर एकमेकांहून वेगळ्या रंगाचे हवेत हा त्यातलाच. पांढऱ्यातून विटकरी डोकावू लागला की समजायचं, वरचा थर झिजला, पुढचा हात द्यायची वेळ आली. तंतू उघडे पडायच्या आधीच कळतं. शिवाय पांढऱ्याने वैशाखात पडवी थंड राहील ते वेगळंच.

माल किती लागेल, हे मला फोनवर विचारू नकोस, टेपने मोजून सांग. आणि पन्हळींमुळे पत्र्याची कातडी दिसते त्याच्या सव्वापटीच्या आसपास भरते हे धरून चाल. लोक लांबी-रुंदी सांगतात, डबा अर्ध्यात संपतो आणि मग उरलेलं पाणी घालून वाढवतात. ते करू नका.

एक मात्र आधी पाहावं लागेल. जो पत्रा तडकलाय, ज्याच्या कडा भुसभुशीत झाल्यात, ज्याचे पदर सुटतायत, त्याला प्रायमर देऊ नये. त्याचं आयुष्य संपलेलं आहे. गोठ्याच्या मागचे दोन तसेच असावेत असं मला वाटतं. ते भिजवून, जे-हुक कापून, अख्खेच्या अख्खे हाताने खाली घ्यायचे, फेकायचे नाहीत, फोडायचे नाहीत, ग्राइंडरने तर मुळीच कापायचे नाहीत. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, वर नाव लिहून, पाय पडणार नाही अशा कोपऱ्यात ठेव. चिपळूणला प्रदूषण नियंत्रण मंडळाचं उपप्रादेशिक कार्यालय आहे, तिथे ते पत्रे आणि साफसफाईच्या पिशव्या कुठे द्यायच्या हे लेखी अर्ज करून विचारू, अर्ज मी लिहून देते. त्या दोन पत्र्यांच्या जागी नवे घेशील ते ॲस्बेस्टॉस नसलेले, आणि बिलावर तसं लिहून घे.

आणि ते बेड्याजवळचे फुटक्या पत्र्यांचे तुकडे. २०२० मध्ये ३ जूनला निसर्ग वादळ आलं, तुमच्या घराच्या मागच्या बाजूचे सगळे पत्रे उडून फुटले, आणि चिखल होतो म्हणून ते तुकडे वाटेत टाकले. तेव्हा कुणाला काही सुचण्याची ती वेळच नव्हती. पण रोज त्यांच्यावरून मोटारसायकल जाते, रोज थोडं पीठ होतं, आणि पोरं तिथेच गोट्या खेळतात. हे काम दिवाळीपर्यंत थांबवू नका. पहिल्या पावसात वाट भिजली की वरवर दिसतील ते तुकडे मास्क लावून, ओलेच उचलून पिशवीत भरा आणि उरलेल्यावर मातीची भर घालून जांभ्याचे चिरे बसवून घ्या. न्हाणीच्या चुलीमागे आडोशाला लावलेला तुकडाही काढ. आचेने हा पत्रा आवाज करून फुटतो.

प्रायमर दिला म्हणून पत्रा निर्धोक झाला असं नाही, तो आत आहेच. डिशवाला, सोलरवाला, पंखा लावणारा, कुणीही ड्रिल घेऊन आला तर त्याला आधी सांगायचं. पडवीच्या खांबावर रंगानेच लिहून ठेव, ‘वर ॲस्बेस्टॉस आहे, भोक पाडू नये.’ दरवर्षी दसऱ्याला शिडीवरून एकदा नजर फिरव.

खर्चाचं तुझ्या मनात आलं असणार. मास्क, डगला, फळ्या आणि तीन हात धरले तर ब्रश घासून एक हात मारण्याच्या दुपटीच्या वर जाईल, खोटं कशाला सांगू. हातात पैसे नसतील तर यंदा छपराला काहीच करू नका. न छेडलेला पत्रा घासलेल्या पत्र्यापेक्षा केव्हाही बरा. प्रायमरचे पैसे सवडीने दे.

दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी मी येते, टेप आणि मास्क घेऊन. तोवर त्या मशीनवाल्याला आजच नाही म्हणून कळव, आणि आमसुलं आज संध्याकाळीच खाली घे.